ब्रोम गवतं ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रोम म्हणजे नक्की कुठलं गवत?

ब्रोम हे एका गवताचं नाव नाही, पूर्ण कुळी (जीनस) आहे. शास्त्रीय नाव ब्रोमस. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हे नाव छापलं आणि आज जगभरात या कुळीत दीडशेच्या आसपास जाती धरल्या जातात. मुख्यतः थंड आणि समशीतोष्ण हवामानातली गवतं आहेत ही, युरोप, मध्य आणि पश्चिम आशिया, दोन्ही अमेरिका सगळीकडे आहेत, आणि नात्याने गहू, बार्ली, रायला बऱ्यापैकी जवळची. काही जाती मुद्दाम चाऱ्यासाठी पेरतात, काही कुरणात आपापल्या सुखाने असतात, आणि काही शेतात किंवा माळावर घुसल्या की माणसाला हैराण करतात. नेमका इथेच ओळखीचा प्रश्न येतो, कारण पेरायचं ब्रोम आणि उपटायचं ब्रोम लांबून सारखंच दिसतं.

समोरचं गवत ब्रोमच आहे हे आधी कसं पक्कं करायचं?

शीथ बघा. शीथ म्हणजे पात्याचा खालचा भाग, जो काडीला गुंडाळलेला असतो. बहुतेक गवतांत त्याच्या दोन कडा एकमेकांवर नुसत्या टेकलेल्या असतात, नख घातलं की उघडतात. ब्रोममध्ये मात्र या कडा जवळपास वरपर्यंत जुळलेल्या असतात, म्हणजे शर्टासारखी पुढून उघडी नाही तर बनियनसारखी बंद नळी, फक्त गळ्यापाशी छोटीशी व्ही आकाराची फट. हे बघायला वरचं ताजं पान घ्या, खालच्या जुन्या शीथ वाळून फाटलेल्या असतात आणि त्या बघून लोक "उघडी आहे" म्हणून ब्रोमला बाद करतात.

दुसरी गोष्ट कुसळ. ब्रोमचं कुसळ दाण्यावरच्या तुसाच्या अगदी टोकातून निघत नाही, टोकाला दोन छोटे दात असतात आणि त्यांच्या किंचित खालून, पाठीमागून निघतं. तिसरी गोष्ट बघायला भिंग लागेल, दाणा सोलून वरचं टोक बघा, तिथे बारीक केसांची टोपी असते. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ब्रोम आहे असं बिनधास्त धरा.

कुठल्या गवतांशी गल्लत होते?

सगळ्यात जास्त जंगली ओटशी. पण ओटच्या स्पाइकलेटला, म्हणजे तुऱ्यावर लटकणाऱ्या लोंबीसारख्या तुकड्याला, बाहेरून दोन मोठी तुसं असतात जी आतलं जवळपास सगळं झाकतात, आणि कुसळ पाठीच्या मधून निघून गुडघ्यासारखं वाकतं. ब्रोममध्ये बाहेरची तुसं आखूड असतात, आतले दाणे वर रांगेने बाहेर दिसतात.

फेस्क्यूशीही गल्लत होते. फेस्क्यूचं कुसळ टोकातूनच निघतं आणि शीथ बहुधा उघडी असते. "बहुधा" म्हणायचं कारण रेड फेस्क्यूची शीथ बंद असते, पण त्याची खालची पाती इतकी बारीक आणि आत वळलेली असतात की ब्रोमचं पातं म्हणून खपणार नाहीत. पाणथळ जागी उगवणाऱ्या ग्लिसेरियाची शीथही बंदच असते, पण त्याला कुसळच नसतं. म्हणून एकट्या शीथवर निकाल देऊ नका.

ग्लूम, लेमा हे शब्द सगळीकडे येतात, ते न कळता ओळख होऊ शकते का?

थोडीफार होईल, पण अडकाल. पाच मिनिटांचं काम आहे, एकदा समजून घ्या. फुलोऱ्याचा जो मोठा मोकळा तुरा असतो त्याच्या फांद्यांवर लोंबीसारखे छोटे तुकडे लटकतात, तो एक तुकडा म्हणजे स्पाइकलेट. स्पाइकलेटच्या अगदी तळाशी दोन रिकामी तुसं असतात, त्यांच्या आत दाणा नसतो, ती ग्लूम. खालची पहिली, वरची दुसरी. त्यांच्या वर जी तुसं एकाआड एक लागलेली असतात आणि ज्यांच्या आत फूल आणि पुढे दाणा असतो, ती लेमा. कुसळ असतं ते लेमाला. लेमाच्या आतल्या बाजूला दाण्याला चिकटलेलं पातळ तूस म्हणजे पॅलिया.

बस, एवढंच. आता एक स्पाइकलेट पांढऱ्या कागदावर ठेवा आणि सुईने खालून वर एकेक तूस सुटं करत जा. पहिली दोन बाजूला काढा, उरलेली रांगेत मांडा. एकदा हाताने केलंत की परत विचारावं लागणार नाही.

इतक्या जाती आहेत, सुरुवात कुठून करायची?

गटापासून. आधी गट ठरवा मग जात, हे मी पुन्हापुन्हा सांगते कारण लोक थेट जातीवर उडी मारतात, फोटो शेजारी ठेवून जुळवत बसतात आणि मग पाच जाती सारख्याच वाटायला लागतात. नेहमी भेटणारी ब्रोम चार गटांत बसतात आणि गट ओळखायला स्पाइकलेटचा आकार आणि पहिल्या ग्लूमवरच्या शिरा एवढं पुरतं.

पहिला गट चीटग्रासचा. स्पाइकलेट तळाशी अरुंद आणि वर फाकत गेलेली, पाचरीसारखी. कुसळं लांब. पहिल्या ग्लूमवर एकच शीर, दुसऱ्यावर तीन. सगळी वर्षभरात मरणारी.

दुसरा गट जपानी ब्रोम, राय ब्रोम, सॉफ्ट ब्रोम यांचा. स्पाइकलेट मधे फुगीर आणि टोकाकडे निमुळती, म्हणजे पहिल्याच्या बरोबर उलट. पहिल्या ग्लूमवर तीन ते पाच शिरा, दुसऱ्यावर पाच ते सात किंवा जास्त. हीही बहुतेक वार्षिकच.

तिसरा स्मूथ ब्रोमचा गट. बहुवर्षायू, स्पाइकलेट लांबट आणि साधारण सारख्या रुंदीची, कुसळ आखूड किंवा नाहीच. पहिल्या ग्लूमवर एक शीर, क्वचित तीन.

चौथा रेस्क्यूग्रासचा. इथे स्पाइकलेट दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी आणि लेमाच्या पाठीवर धारदार कणा. बोटांत धरली की लगेच जाणवते.

शिरा मोजायला दहापट भिंग घ्या आणि ग्लूम प्रकाशासमोर धरा, उन्हात हिरव्या रेषा स्वच्छ दिसतात. वाळलेली असेल तर थेंबभर पाण्यात भिजवा.

चीटग्रास नक्की कसं दिसतं?

ब्रोमस टेक्टोरम, डाउनी ब्रोम पण म्हणतात. बोटभर उंचीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत कितीही असू शकतं, सुक्या मुरमाड जमिनीत चार बोटांचं रोपसुद्धा तुरा काढतं. शीथवर आणि पात्यांवर मऊ दाट लव, हात फिरवला की मखमली लागते. तुरा एका बाजूला झुकलेला, फांद्या नाजूक आणि खाली लोंबणाऱ्या.

आता जवळून बघा. तुऱ्याची सगळ्यात लांब फांदी धरा आणि तिच्यावर किती स्पाइकलेट आहेत ते मोजा. नीट वाढलेल्या चीटग्रासमध्ये निदान एका फांदीवर चार ते आठ असतातच. लेमा कुसळ सोडून साधारण ९ ते १२ मिमी, कुसळ १० ते १८ मिमी, सरळ. पिकताना पूर्ण रोप जांभळट लाल होतं आणि मग वाळून फिकट पिवळं. शरद ऋतूत उगवतं, हिवाळा छोट्या रोपाच्या रूपात काढतं, वसंतात झपाट्याने वाढतं आणि उन्हाळा नीट सुरू व्हायच्या आत वाळतं.

हे लवकर वाळणंच अमेरिकेच्या पश्चिमेत घातक ठरलंय. मूळचं युरोप आणि आशियातलं हे गवत एकोणिसाव्या शतकात तिथे पोचलं आणि ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशात सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळांवर पसरलं. आधी झुडपांमधे मोकळी जमीन असायची, आग फार पुढे जायची नाही. आता त्या मोकळ्या जागी बारीक वाळलेल्या काड्यांचं सलग जाळं असतं, आग लवकर लागते आणि लांब जाते, सेजब्रश जळून जातं, त्याला परत यायला खूप वर्षं लागतात आणि चीटग्रास मात्र पुढच्या मोसमात हजर. म्हणून हे रोप वेळेत आणि बरोबर ओळखणं महत्त्वाचं.

चीटग्रास, स्टेराइल ब्रोम आणि ग्रेट ब्रोम एकमेकांसारखी वाटतात, फरक कसा करायचा?

तिन्ही एकाच गटातली आहेत, त्यामुळे वाटणारच. इथे मोजपट्टी काढा. लेमा कुसळ सोडून मोजायची आणि स्पाइकलेटच्या खालच्या भागातली घ्यायची, टोकाची लेमा छोटी आणि अर्धवट असते.

चीटग्रास ९ ते १२ मिमी. स्टेराइल ब्रोम, म्हणजे ब्रोमस स्टेरिलिस, १४ ते २० मिमी आणि कुसळ १५ ते ३० मिमी. ग्रेट ब्रोम म्हणजे ब्रोमस डायअँड्रस, ज्याला रिपगट पण म्हणतात, त्याची लेमा २० ते ३५ मिमी आणि कुसळ ३० ते ६५ मिमी, म्हणजे कुसळासकट एकच दाणा बोटाएवढा किंवा त्याहून लांब. ग्रेट ब्रोम बघितल्यावर शंका राहत नाही सहसा.

खरी अडचण पहिल्या दोघांत. तिथे फांद्या मदत करतात, स्टेराइल ब्रोमच्या फांद्या लांब आणि त्यांच्यावर एक-दोन, फार तर तीन स्पाइकलेट, आणि तुरा सगळीकडून लोंबतो, चीटग्राससारखा एका बाजूला नाही. छोटी उपाशी रोपं असतील तर फांद्यांचा हिशोब चालत नाही कारण त्यांना मुळातच दोन-तीन स्पाइकलेट असतात, मग लेमाची लांबीच धरायची.

ग्रेट ब्रोमचा एक जवळचा भाऊ आहे, ब्रोमस रिजिडस, तुरा जास्त ताठ आणि दाटीचा. दोघांत फरक करायचा तर दाणा जिथून तुटतो त्या तळाच्या टोकावरचा व्रण बघतात, डायअँड्रसचा गोलसर आणि रिजिडसचा लांबट. काही तज्ज्ञ दोन्ही एकच धरतात, त्यामुळे इथे फार जीव आटवू नका.

रेड ब्रोम नावाप्रमाणे लाल असतं का?

पिकायला लागल्यावर बऱ्याचदा लालसर जांभळं होतं हो, पण रंगावर जाऊ नका कारण चीटग्रासही तसंच होतं. रेड ब्रोमचा तुरा बघा, ताठ उभा, दाट, फांद्या इतक्या आखूड की दिसतच नाहीत, सगळी कुसळं वर तोंड करून. चीटग्रासचा तुरा झुकतो, याचा नाही. ब्रोमस रुबेन्स हे भूमध्य समुद्राकडचं गवत, अमेरिकेत मोहावी वाळवंटात पसरलंय आणि तिथे आगीची तीच कहाणी चालू आहे.

याच्यासारखं दुसरं म्हणजे ब्रोमस माद्रितेन्सिस. त्याचा तुरा जरा सैल, निदान काही फांद्या स्पष्ट दिसतात, लेमाही सरासरीने मोठी. मधल्या अवस्थेतले नमुने मिळतात आणि ते दोन्हीकडे ओढता येतात.

जपानी ब्रोम आणि चीटग्रास एकाच ठिकाणी उगवलंय, कुठलं कुठलं?

दोघांवर लव असते, दोघं झुकतात, दोघं एकाच मोसमात येतात, त्यामुळे हा प्रश्न फारच येतो. उत्तर स्पाइकलेटच्या आकारात आहे. चीटग्रासची वर फाकलेली, जपानी ब्रोमची मधे जाड आणि टोकाकडे निमुळती. एवढं हातभर अंतरावरूनही दिसतं एकदा नजर बसली की.

मग कुसळं. जपानी ब्रोमची कुसळं पिकल्यावर बाहेर वळतात, तळाशी चपटी होऊन थोडी पीळ खातात. आणि एकाच स्पाइकलेटमध्ये खालच्या दाण्यांची कुसळं आखूड, वरच्यांची लांब असतात. कोवळं असताना ही सरळच असतात, म्हणून जूनमधल्या हिरव्या रोपावरून "कुसळ सरळ आहे म्हणजे जपानी नाही" असं म्हणू नका. लेमा ७ ते ९ मिमी, चीटग्रासपेक्षा छोटी आणि रुंद. तरी खात्री नसेल तर पहिल्या ग्लूमच्या शिरा मोजा, एक की तीन, विषय संपला.

जपानी ब्रोमसारखंच ब्रोमस आर्वेन्सिस असतं, त्याचे परागकोश २.५ मिमीच्या वर लांब असतात, जपानीचे १ ते १.५ मिमी. म्हणजे फुलोरा फुललेला असतानाच हा फरक नीट बघता येतो.

राय ब्रोम, मेडो ब्रोम, सॉफ्ट ब्रोम यांत सगळे गोंधळतात, काही सोपी खूण आहे का?

सॉफ्ट ब्रोम सोपं आहे. ब्रोमस होर्डेशियस. तुरा आखूड, ताठ, दाट, फांद्या स्पाइकलेटपेक्षा छोट्या, लेमा कागदासारखी पातळ आणि तिच्यावरच्या शिरा वर उठलेल्या, बोटाला लागतात. पूर्ण रोप मऊ.

राय ब्रोमसाठी म्हणजे ब्रोमस सेकॅलिनससाठी पिकेपर्यंत थांबा. पिकल्यावर त्याच्या लेमाच्या कडा दाण्याभोवती आत वळतात, दाणे एकमेकांपासून सुटे होतात आणि मधली बारीक दांडी फटींतून दिसायला लागते. स्पाइकलेट प्रकाशासमोर धरली की दाण्यांमधून आरपार उजेड येतो. ही खूण इतकी चांगली आहे की मी बाकी काही बघायच्या आधी हीच बघते. शीथ बहुतेक गुळगुळीत, कुसळ आखूड, ३ ते ६ मिमीच्या आसपास, कधी अजिबात नाही. दाणा जाड आणि वळलेला, गव्हाबरोबर चाळणीतून जातो, म्हणून पूर्वी गव्हाच्या बियाण्यात याची भेसळ कायम असायची. गव्हाचं पीक हिवाळ्यात बिघडलं की गहूच बदलून हे गवत होतं असं शेतकरी खरंच मानायचे, कारण पेरला गहू आणि उगवलं हे.

उरलं मेडो ब्रोम, ब्रोमस कम्युटेटस. खालच्या शीथवर केस, लेमा ८ ते ११ मिमी, कडा आत वळत नाहीत, दाणे एकमेकांवर टेकलेलेच राहतात. त्याच्याहून बारीक, लेमा ६.५ ते ८ मिमी आणि तुरा अरुंद असेल तर ब्रोमस रेसिमोसस. या शेवटच्या दोघांत सीमा धूसर आहे, एकाच रोपावरून न ठरवता आजूबाजूची दहा-बारा रोपं बघा.

स्मूथ ब्रोमच्या पात्यावर इंग्रजी एम किंवा डब्ल्यू असतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. पात्याच्या साधारण मधे आडवी दबलेली खूण असते, एका बाजूने धरलं तर एम आणि उलटं धरलं तर डब्ल्यू. तुरा नसताना ही फार कामाची. पण ही एकटी पुरावा म्हणून पुरत नाही कारण दुसऱ्या काही गवतांच्या पात्यांवरही अशी दाब पडते, आणि स्मूथ ब्रोमच्याही प्रत्येक पात्यावर ती ठसठशीत नसते.

म्हणून खणा. ब्रोमस इनर्मिसला जमिनीखाली आडवी पसरणारी खोडं असतात, म्हणजे रायझोम, तपकिरी खवल्यांनी झाकलेली. एकट्या झुबक्यात न वाढता सलग गालिचा करत जातं ते त्यामुळेच. पाती रुंद आणि गुळगुळीत, शीथ गुळगुळीत, तुरा उभा, आधी मोकळा आणि पिकल्यावर आवळलेला, रंग जांभळट तपकिरी. कुसळ नाही, असलं तर ३ मिमीपर्यंतच. चारा म्हणून आणि जमिनीची धूप थांबवायला हे उत्तर अमेरिकेत भरपूर पेरलं गेलं आणि आता तिथल्या मूळच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानांत, घुसून बाकीच्यांना जागा ठेवत नाही.

अमेरिकेत पम्पेली ब्रोम म्हणून याचं देशी भावंड आहे, त्याच्या पेरांवर आणि लेमावर केस असतात. उपटायच्या आधी पेर बघाच, चुकून देशी गवत जायला नको.

चाऱ्याचं मेडो ब्रोम आणि वर सांगितलेलं मेडो ब्रोम एकच का?

नाही! बियाण्याच्या पिशवीवर मेडो ब्रोम लिहिलेलं असतं ते बहुवर्षायू ब्रोमस रिपेरियस किंवा त्याच्या जवळचं, स्मूथ ब्रोमच्या गटातलं. पाती केसाळ, रायझोम आखूड, त्यामुळे जास्त झुबक्यात राहतं, आणि कुसळ स्मूथ ब्रोमपेक्षा ठळक. वरचं ब्रोमस कम्युटेटस वार्षिक तण आहे. नावं सारखी असल्यामुळे सल्ला देताना-घेताना भलताच घोळ होतो, शास्त्रीय नाव विचारा.

युरोपातल्या खडूच्या टेकड्यांवर आणि जंगलात जी ब्रोम दिसतात ती कुठली?

चुनखडीच्या उघड्या कुरणात घट्ट झुबके करून ताठ उभं असेल तर ब्रोमस इरेक्टस. त्याच्या खालच्या अरुंद पात्यांची कड बघा, लांब केस ठरावीक अंतरावर रांगेत उभे असतात, फार देखणं दिसतं भिंगातून. जंगलाच्या सावलीत उंच, लांब फांद्या खाली लोंबणारं असेल तर ब्रोमस रॅमोसस, शीथवर खाली वळलेले लांब केस.

चपटी स्पाइकलेट असेल तर पुढे काय?

मग चौथा गट. कुसळ नसेल किंवा ३-४ मिमीच्या आत असेल तर बहुतेक ब्रोमस कॅथार्टिकस, रेस्क्यूग्रास, मूळ दक्षिण अमेरिकेचं, चाऱ्यासाठी जगभर नेलेलं. कुसळ त्याहून ठळक असेल तर ब्रोमस कॅरिनेटस आणि त्याचे भाऊबंद, हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेचे. या भाऊबंदांच्या सीमा एकमेकांत मिसळतात आणि फोटोवरून त्यांच्यावर भांडण्यात अर्थ नाही.

चपटी पण पाठीवर कणा नसलेली, खूप रुंद, कुसळ नसलेली आणि देठावर लटकून हलणारी स्पाइकलेट असेल तर ते ब्रोमस ब्रिझिफॉर्मिस, दुसऱ्या गटातलं. एकदा बघितलं की विसरत नाही.

तुरा यायच्या आधी रोप ओळखता येतं का?

गटापर्यंत जाता येतं, जातीपर्यंत क्वचित. एक युक्ती मात्र हमखास उपयोगी, रोप मुळासकट अलगद उपटा, माती झटकू नका, पाण्यात धुवा. कोवळ्या रोपाला ज्या बीतून ते उगवलं त्याचं तूस अजून चिकटलेलं असतं, कुसळासकट. लांब निमुळतं तूस आणि लांब कुसळ तर चीटग्रासचा गट, आखूड रुंद तूस तर दुसरा गट. रायझोम दिसला तर स्मूथ ब्रोमचा गट.

केसांवरून ओळखलं तर चालेल का?

एकट्या केसांवरून नाही. बऱ्याच जातींत केसाळ आणि गुळगुळीत लेमाची रोपं शेजारी शेजारी मिळतात, आणि रोप वाळत गेलं की केस झडतात. शीथचे केस जरा जास्त भरवशाचे, तेही खालच्या पानांचे. लेमाच्या केसांचा उपयोग कुठे होतो तर ब्रोमस सिलिएटससारख्या जातीत, जिथे केस फक्त कडांना असतात आणि मधली पाठ बरीचशी मोकळी.

जात नक्की कळल्याने शेतात काय फरक पडतो, सगळंच तण ना?

खूप फरक पडतो. धान्याच्या शेतात स्टेराइल आणि ग्रेट ब्रोमचं बी अंधारात उगवतं आणि उजेडात पडून राहिलं तर सुप्तावस्थेत जातं. म्हणून कापणी झाली की लगेच हलकी मशागत करून ते मातीत घालायचं, ते उगवतं आणि पुढच्या पेरणीआधी रोपं मारता येतात. मेडो (वार्षिक तण असलेलं कम्युटेटस), सॉफ्ट आणि राय ब्रोमचं बरोबर उलट, त्यांचं बी कापणीनंतर साधारण महिनाभर वरच पडून पिकू द्यायचं, लगेच पुरलंत तर तेच सुप्त होतं आणि पुढची काही वर्षं त्रास देत राहतं.

म्हणजे गट चुकला तर चांगल्या मनाने केलेली मशागत तणाच्या फायद्याची होते. कापणीच्या आधी बांधावर उभं राहून स्पाइकलेट वर फाकलेली की निमुळती एवढं बघितलं तरी योग्य दिशा मिळते.

जनावरांना धोका असतो का?

कोवळं असताना बहुतेक ब्रोम जनावरं आवडीने खातात. पिकल्यावर ग्रेट ब्रोम, रेड ब्रोम, चीटग्रास यांची कुसळं धोकादायक. दाण्याचं तळाचं टोक अणकुचीदार आणि कुसळावर एका दिशेने बारीक दाते, त्यामुळे एकदा रुतलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. डोळे, हिरड्या, नाक, कुत्र्यांचे कान आणि पंजे. अशा कुरणात पिकायच्या आधीच चरून घ्या आणि कुत्र्याचे पंजे रोज तपासा.

एकाच गवताला तीन तीन शास्त्रीय नावं का दिसतात?

कारण वर सांगितलेले गट काही तज्ज्ञ स्वतंत्र कुळी म्हणून धरतात. अनिसँथा टेक्टोरम म्हणजे चीटग्रासच, ब्रोमॉप्सिस इनर्मिस म्हणजे स्मूथ ब्रोम, सेराटोक्लोआ कॅथार्टिका म्हणजे रेस्क्यूग्रास. जुन्या यादीत ब्रोमस मोलिस दिसलं तर ते सॉफ्ट ब्रोम, आणि ब्रोमस विल्डेनोवी किंवा युनिओलॉइडीस म्हणजे पुन्हा रेस्क्यूग्रास.

तुऱ्यात दाण्याऐवजी काळी भुकटी आहे, ही वेगळी जात आहे का?

नाही, ती काणी आहे, उस्टिलागो बुलाटा नावाची बुरशी. दाण्याची जागा काळ्या बीजाणूंनी भरते, तुरा खुरटतो, मापं सगळी बिघडतात. असा नमुना ओळखीला वापरू नका, शेजारचं निरोगी रोप घ्या.

कोणाला विचारायचं असेल तर फोटो कसे काढायचे?

तुऱ्याचा एक लांबून काढलेला फोटो पाठवून "हे कुठलं?" विचारतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून नाराज होतात. पूर्ण रोप मुळासकट, पूर्ण तुरा, एक स्पाइकलेट मोजपट्टीशेजारी आडवी ठेवून, सुटी केलेली दोन्ही ग्लूम आणि एक लेमा, आणि शीथ जिथे संपते तो भाग जवळून. मागे साधा एकरंगी कागद. जागा, महिना आणि जमीन कशी होती ते लिहा. नमुना ठेवायचा असेल तर वर्तमानपत्रात दाबून वाळवा, आणि थोडी पिकलेली स्पाइकलेट वेगळ्या कागदी पाकिटात, कारण पिकलेले दाणे दाबताना गळतात आणि नेमकी राय ब्रोमची खूणच निघून जाते.

ब्रोम दिसलं की उपटायचं, असंच ना?

अजिबात नाही. कित्येक जाती आपापल्या मुलखात देशी आहेत, आणि एक तर जगातून जाता जाता राहिली. ब्रोमस इंटरप्टस फक्त इंग्लंडमध्ये सापडायचं, शेतात पिकांबरोबर वाढायचं. १९७२ नंतर ते निसर्गात दिसेनासं झालं, पण लोकांनी बी जपून ठेवलं होतं, आणि त्यातून २००४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या ॲस्टन रोवांटच्या राखीव क्षेत्रात ते परत लावलं. दिसायला सॉफ्ट ब्रोमसारखं, पण तुरा तुटक तुटक गुच्छांचा, आणि पॅलिया तळापर्यंत दोन भागांत चिरलेली. इतर कुठल्याही ब्रोममध्ये पॅलिया अशी नसते. त्या भागात सॉफ्ट ब्रोम समजून काही उपटायच्या आधी एक दाणा सोला आणि आतलं पातळ तूस सुईने हलवून बघा, दोन तुकडे झाले तर रोपाला हात लावू नका, फोटो आणि जागा नोंदवून तिथल्या वनस्पतीतज्ज्ञांना कळवा.